मुक्कामांची नोंद

सुटका एका दिवसात होते, ही समजूत मराठवाड्याच्या मनात फार खोल रुजली आहे, आणि तिला कारणही तसेच आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले आणि १७ तारखेस, अवघ्या पाच दिवसांत, दोन शतकांहून अधिक काळ चाललेली आसफजाही राजवट संपुष्टात आली. ज्या कचेऱ्यांतून कालपरवापर्यंत हैदराबादची फर्माने वाचली जात होती त्यांच्यावर तिरंगा चढला, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी सोसलेल्या कारावासाचे चीज झाले, आणि पुढे तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपल्या पंचांगात कायमचा बसला. तो साजरा व्हावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु मुक्त झालेला मनुष्य त्यानंतर कोणत्या वाटेने गेला, वाटेत कोठे थांबला, तेथे त्यास पाणी मिळाले की नाही, हा प्रश्न आपण त्या दिवशी विचारीत नाही. आणि ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गावेच्या गावे चूलबोळक्यासह परमुलखी निघून जातात, त्या जिल्ह्यात तर हा प्रश्न सर्वांआधी विचारला गेला पाहिजे.

हा प्रश्न धर्मकर्तव्य समजून दरवर्षी विचारणारा एक समाज जगात आहे. यहुदी लोकांचा जो तोरा नामक पंचग्रंथ, त्याचे ५४ भाग पाडलेले असून दर शब्बाथास, म्हणजे शनिवारी सकाळी, त्यातील नेमलेला भाग सभास्थानात मोठ्याने वाचला जातो, काही शनिवारी दोन भाग जोडून वाचतात, आणि अशा रीतीने वर्षात संपूर्ण ग्रंथ पुरा होऊन लगेच त्याचा पुन्हा आरंभ होतो. त्यांतील 'बेशल्लह' हा भाग जानेवारी-फेब्रुवारीत येतो. फारोच्या दास्यातून निघालेले लोक, मागून चालून येणारे त्याचे रथ, दुभंगलेला समुद्र, पैलतीरावर डफ वाजवीत गाणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या पुढे मिर्याम, हे सारे त्यात आहे. पण ज्याने हा भाग शेवटपर्यंत वाचला आहे त्यास ठाऊक असते, की त्या गाण्याचा ध्वनी विरतो न विरतो तोच तीन दिवसांची तहान सुरू होते, पाणी सापडते ते कडू निघते, आणि पुढे अन्न संपल्यावर हेच सुटलेले लोक मोशेस विचारू लागतात, की आम्हांस उपाशी मारण्यासाठीच या रानात आणलेस काय. समुद्र ओलांडण्यास एक रात्र पुरली. रान ओलांडण्यास चाळीस वर्षे लागली. ग्रंथकर्त्याने त्या रात्रीस काही अध्याय दिले आणि रानास जवळजवळ चार ग्रंथ दिले, या प्रमाणातच त्याचा विचार दिसून येतो.

हे वाचन मराठी माणसास परके नाही. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी ज्यांची परंपरागत श्रद्धा आहे, त्या बेने इस्राएल समाजाने कोकणात तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोकांनी दिलेले 'शनवार तेली' हे नाव धारण केले, आणि मराठी हीच मातृभाषा मानली. त्यांच्यापाशी ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती. तरी सुटकेचा सण त्यांनी सोडला नाही. त्या सणास कोकणात 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत, आणि आंबट कालवणाचे मडके आठ दिवस झाकून ठेवीत, अशी हकीकत हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात आढळते. ते का झाकायचे याचा उलगडा पुढे ग्रंथ हाती आल्यावर झाला. झाकणे मात्र त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत चुकले नव्हते. मग १८७४ मध्ये पुण्यास सुटकेच्या रात्री वाचावयाची हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह छापली गेली, आणि तिच्यातील चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या गेल्या. बायबलातील आख्याने लावून मराठीत कीर्तनेही झाली. इजिप्तमधील सुटकेची कथा मराठीत सांगावयाची तर ती कीर्तनकाराच्या वाणीने सांगावी, हे त्या समाजास कोणी शिकवावे लागले नाही.

आणि सुटकेनंतरचे रान याच समाजाच्या वाट्यास पुन्हा एकदा आले. १९४८ नंतर बेने इस्राएलांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशी गेली. ज्या भूमीचे नाव शतकानुशतके प्रार्थनेत घेतले त्या भूमीवर उतरल्यावर कित्येकांची रवानगी दिमोना, बीरशेबा यांसारख्या नेगेव वाळवंटातील नव्या वसाहतींत झाली, आणि थोड्याच वर्षांत तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका घेऊन पूर्वजांची चौकशी लावली. मराठी बोलणाऱ्या त्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे तेथील संसदेने जाहीर केले तेव्हा कोठे तो प्रश्न निकालात निघाला. वचनदत्त भूमीत पाऊल ठेवल्यानंतरही मनुष्याचे नाव योग्य त्या दप्तरात चढावयास इतकी वर्षे लागू शकतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हे सर्व बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे बसून लिहिण्याचे औचित्य काय, असे कोणी विचारील. कपिलधार हे बालाघाटाच्या रांगेतील, मांजरसुंब्याजवळचे स्थान. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार, खाली कुंड, आणि 'परमरहस्य' हा वीरशैव तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मराठीत सिद्ध करणारे मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी. लिंगायत समाजाचे भाविक लातूर, नांदेड, परभणी या भागांतून, आणि कर्नाटकातूनही, कार्तिकी पौर्णिमेस येथे पायी येतात. दोन धर्मांची सरमिसळ करण्याचा माझा हेतू नाही, ते अयोग्य होईल. तथापि रानातील इस्राएल लोकांनी उकलून बरोबर वाहून न्यावयाचा निवासमंडप आणि वीरशैवाने गळ्यात धारण करावयाचे इष्टलिंग, या दोहोंच्या मुळाशी असलेल्या श्रद्धा एकमेकींस ओळखतील असे मला वाटते: चालणाऱ्या माणसाचा देव त्याच्याबरोबर चालतो, त्याच्यासाठी तो माघारी गावात थांबून राहत नाही.

पण कपिलधारच्या पायथ्याशी मला दिसते ती गोष्ट याहून अधिक लौकिक आहे. मांजरसुंबा हे चौरस्त्याचे गाव. पूर्वेकडून केज-अंबाजोगाईचा रस्ता येतो, पश्चिमेकडे पाटोद्यावरून जामखेड-नगरकडे जातो, आणि मधून धुळे-सोलापूर महामार्ग. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पूर्वेच्या रस्त्याने पताका घेतलेल्या दिंड्या येत असतात, आणि त्याच सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होत असल्यामुळे मागे राहिलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिमेकडे व दक्षिणेकडे निघालेल्या असतात. दोघेही वाटेवर, दोघांच्याही डोक्यावर बोचकी. दिंडीचा मुक्काम कोणत्या गावी, कोणत्या देवळात, तेथे भोजन कोणाकडे, हे महिनाभर आधी ठरलेले व कागदावर मांडलेले असते, आणि ज्या गावी दिंडी थांबते ते गाव तिला अन्न घालण्यात धन्यता मानते. टोळी मात्र ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीत किंवा टायरच्या बैलगाडीसह जाते. तिचा पहिला अड्डा कोणता एवढे मुकादमास ठाऊक असते, पुढचे फड कोणते, किती, किती दिवसांचे, हे टोळीतील कोणासही ठाऊक नसते, आणि ते कोठेही लिहिलेले नसते.

येथेच तोरातील दुसरा एक भाग मला आठवतो, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. 'मस्से', म्हणजे प्रवास, हा गणना नामक ग्रंथाचा शेवटचा भाग. तो जुलै-ऑगस्टच्या सुमारास, आपल्या आषाढ-श्रावणात, वाचला जातो. त्याचा आरंभ एका रूक्ष यादीने होतो. इजिप्तमधील रामसेस येथून निघाले आणि सुक्कोथ येथे उतरले. सुक्कोथ येथून निघाले आणि एथाम येथे उतरले. या एकाच साच्यात एकामागून एक मुक्काम सांगितले आहेत, आणि परंपरेने त्यांची संख्या ४२ मोजली आहे. एलीम येथे बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे होती, एवढे एका ठिकाणी सांगितले. होर पर्वतावर मोशेचा भाऊ अहरोन वारला, एवढे दुसऱ्या ठिकाणी. बहुतेक ठिकाणांविषयी नावापलीकडे काहीच नाही, आणि त्यांतील कित्येक ठिकाणे नेमकी कोठे होती हे आज कोणासही निश्चयाने सांगता येत नाही. तरीही ही यादी गाळलेली नाही, तिचा संक्षेप केलेला नाही. मोशेने ती प्रत्यक्ष परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहिली असे ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, आणि आजही सभास्थानात ती अथपासून इतिपर्यंत वाचली जाते.

रूक्ष मुक्कामांची यादी देवाने लिहावयास का सांगावी, हा प्रश्न भाष्यकारांस पडला. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेला थोर भाष्यकार राशी याने त्याचे उत्तर हिशेबाने दिले आहे, आणि मुलकी खात्यातील एखाद्या सचोटीच्या कारकुनास शोभावा असा तो हिशेब आहे. ४२ मुक्कामांपैकी १४ पहिल्याच वर्षातले, रानात भटकण्याची शिक्षा फर्मावली जाण्यापूर्वीचे. ८ अहरोनाच्या मृत्यूनंतरचे, शेवटच्या वर्षातले. तेव्हा मधल्या ३८ वर्षांत लोकांना उठावे लागले ते अवघे २० वेळा. शिक्षेतही दया होती, हे त्या यादीवरून सिद्ध होते, असे तो म्हणतो. याच ठिकाणी त्याने जुन्या परंपरेतील एक दृष्टांत घेतला आहे: आजारी मुलास उपचारासाठी दूरदेशी नेणारा राजा परतीच्या वाटेवर त्याला एकेक जागा दाखवितो, की येथे आपण निजलो, येथे तुला थंडी वाजली, येथे तुझे डोके दुखले. राजाने ती दुखणी ध्यानात ठेवली होती, याहून त्या मुलास अधिक काय हवे होते?

आता बीडच्या टोळीकडे वळू. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते ती कोयत्याची, देतो मुकादम, घेतो नवरा, आणि कागद होतो त्याच्या नावाचा. पावसाळ्यात, नेमकी ज्या आठवड्यांत तिकडे 'मस्से' वाचला जातो त्या सुमारास, गावोगाव उचलींचे व्यवहार चालू असतात. मग अड्ड्यावर पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपी उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, नवऱ्याने तोडावयाचे, बायकोने मोळ्या बांधावयाच्या, दोघांनी डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची, आणि कारखान्याच्या चिटबॉयने सांगितले की अड्डा हलवावयाचा. रानातील इस्राएल लोक मेघ उठला की उठत आणि मेघ थांबला की थांबत, मग तो मुक्काम दोन दिवसांचा असो, महिन्याचा असो वा वर्षाचा, असे गणनेच्या ग्रंथात वर्णन आहे. त्या मेघाखाली त्यांच्या अन्नपाण्याची जबाबदारी निदान कोणी तरी उचललेली होती.

या व्यवसायात नोंदी नसतात असे मात्र कोणी समजू नये. उसाची लागवड झाली की कारखान्याच्या शेतकी विभागात तिची नोंद होते: शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागवडीची तारीख. तोड आली की त्याच नोंदीवरून क्रम लागतो. गाडी वजनकाट्यावर गेली की पावती निघते आणि तीवर टनाचाही अंश टिपलेला असतो. ऊस कोणत्या रानातला, कोणत्या दिवशी तुटला, कोणत्या वाहनाने आला, हे वर्षानंतरही दप्तर काढून सांगता येते. टोळी त्या दप्तरात मुकादमाच्या नावामागे दडलेली असते. ज्या स्त्रीने ती मोळी बांधली तिचे नाव, ती त्या रात्री कोणत्या शिवारात निजली, तिच्याबरोबर किती लेकरे होती, आणि ती पाणी कोणत्या विहिरीचे प्याली, हे महाराष्ट्राच्या कोणत्याही कचेरीत लिहिलेले सापडणार नाही. राज्यात अशा कामगारांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज नेहमी दिले जातात. ज्यांची मोजदाद अंदाजानेच करावी लागते, त्यांच्याविषयी राज्याने आपल्याला माहिती आहे असे समजणे बरोबर नाही.

नोंद नसली म्हणजे काय होते, हे एका उदाहरणावरून पुरेसे कळले असावे असे वाटले होते. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया बीड जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर होत असल्याचा बोभाटा २०१९ मध्ये झाला, शासनाने चौकशी समिती नेमली, आणि ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. त्या स्त्रिया त्यापूर्वी अनेक हंगाम फडात राबत होत्या, शस्त्रक्रियागृहात जात होत्या, आणि परत फडात येत होत्या. कोणी मुद्दाम मोजावयास बसले तेव्हा ते दिसले. काम चुकले की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात, मासिक पाळीच्या दिवसांतही डोक्यावरची मोळी सुटत नाही, अड्ड्यावर आडोसा नाही, पाणी नाही. अशा स्थितीत एखाद्या स्त्रीस शरीराचा तो भागच नको वाटू लागावा, याची लाज त्या स्त्रीस वाटण्याचे कारण नाही, ती आपणां सर्वांस वाटली पाहिजे.

विश्रांतीविषयी 'बेशल्लह' या भागात एक बारकावा आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. शब्बाथ पाळण्याची दहा आज्ञांतील आज्ञा पुढे सिनाय पर्वतावर मिळाली. परंतु त्याआधीच रानात मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, पडू लागला तेव्हा सहाव्या दिवशी तो दुप्पट मिळे आणि सातव्या दिवशी वेचावयास जावे लागत नसे. म्हणजे विश्रांतीचा हुकूम सुटण्यापूर्वी विश्रांतीच्या दिवसाचे अन्न पदरात पडले. ज्यास हातावर पोट घेऊन जगावे लागते त्यास सुट्टीचा उपदेश करण्याआधी त्या दिवसाची भाकरी दिली पाहिजे, हा त्यातील अर्थ मला आपल्या साऱ्या कामगार-कायद्यांच्या मुळाशी असावा असे वाटते. पुढच्या आज्ञेत तर घरच्या गुराढोरांस आणि वेशीच्या आतील परक्यासही तो दिवस मोकळा देण्यास सांगितले आहे. टायरगाडीच्या बैलास आणि ती हाकणाऱ्या कोयत्यास आठवड्यातून एक दिवस विनाखाडा, भरपगारी सुट्टी देणे कारखान्यास अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस हिशेबात धरून एकदा टनामागचा दर मांडून दाखवावा.

आणि उचलीची गोष्ट. वेठबिगार पद्धत कायद्याने रद्द झाली ती १९७६ मध्ये. परंतु हंगाम संपून पट्टी पडली तरी उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि तीच बाकी पुढच्या वर्षी त्या कुटुंबास त्याच मुकादमाच्या गाडीत बसविते, हा अनुभव बालाघाटातील वाड्यातांड्यांवर कोणास सांगावा लागत नाही. तोरातील पाचव्या ग्रंथात बांधलेला माणूस सातव्या वर्षी मोकळा करावा असे सांगून ग्रंथ थांबत नाही. त्यास रिक्तहस्ते धाडू नये, आपल्या कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याच्या पदरात उदारपणे घालावे, आणि आपणही इजिप्तमध्ये दास होतो हे स्मरावे, असे पुढे म्हटले आहे. सुटलेल्यास दुसऱ्या दिवशीच पुन्हा कर्ज काढावे लागले तर ती सुटका कागदावरचीच होय, हे त्या काळच्या स्मृतिकारास उमगले होते.

याच ठिकाणी एक आक्षेप नेहमी ऐकावयास मिळतो, आणि तो शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकताना मला विशेष क्लेश होतात: हे लोक उचल घेतात ती लग्नकार्यात उडवितात, व्यसनात घालवितात, शेतात पाणी आले तरी कोयताच बरा म्हणतात, त्यांना सुधारणाच नको आहे. गणनेच्या ग्रंथात इस्राएल लोकांचे वर्तन याहून चांगले रंगविलेले नाही. आपल्याला इजिप्तमध्ये मासळी मिळत असे, काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण मिळत असे, असे म्हणून ते दास्याच्याच आठवणी काढून रडत. ग्रंथाने त्यांचे ते रडणे झाकले नाही, त्यांना बोलही लावला. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा मान्ना थांबला असे कोठेही लिहिलेले नाही. हक्क हा सद्वर्तनाचे बक्षीस म्हणून द्यावयाचा नसतो. १९७२च्या दुष्काळात ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांच्यासाठी महाराष्ट्राने रोजगार हमी उभारली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान दिले, तेव्हा कामावर आलेल्या माणसाच्या सवयींची चौकशी केली नव्हती. त्याचे नाव हजेरीपटावर घातले होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून व तितकेच शासनाकडून त्यास द्यावयाचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे ४१ तालुक्यांत मंजूर झाली, म्हणजे आईबापांबरोबर पोराचीही फरपट व्हावयास नको. ग्रामसेवकांमार्फत कामगारांस ओळखपत्रे द्यावयाचे ठरले. आणि २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. या सर्व तजविजींत मला एकच मोठी उणीव दिसते. त्यांतील बहुतेक निघण्याच्या गावाशी जखडलेल्या आहेत. ओळखपत्र गावात मिळते, वसतिगृह गावाकडे असते. मनुष्य मात्र वर्षातील पाच-सहा महिने गावात नसतो, आणि जेथे असतो तेथील ग्रामपंचायतीस, प्राथमिक आरोग्य केंद्रास व शाळेस तो आपला वाटत नाही. रामसेसची नोंद आहे आणि वचनदत्त भूमीच्या वेशीवरील यार्देन नदीची आशा आहे. मधले चाळीस मुक्काम कोरे.

म्हणून माझी मागणी सोपी आहे आणि तिला फार खर्च नाही. प्रत्येक टोळीबरोबर एक मुक्कामवही असावी. तीत कोयता हा शब्दच येऊ नये. नवऱ्याचे नाव निराळ्या ओळीत, बायकोचे निराळ्या ओळीत, लेकरांची वयांसह निराळ्या ओळीत यावीत. अड्डा पडला की शिवाराचे नाव, तारीख, पाण्याची सोय, जवळचे आरोग्य केंद्र व शाळा यांची नोंद व्हावी, आणि तीवर कारखान्याच्या गट कार्यालयाने व त्या गावच्या ग्रामसेवकाने सही करावी. केलेले टन, मिळालेली मजुरी आणि उचलीतून वळती झालेली रक्कम दोघांच्या नावे अर्धी-अर्धी मांडावी. आमचा करार मुकादमाशी, कामगाराशी नाही, असे कारखानदार म्हणतील. परंतु ज्याच्या काट्यावर ऊस उतरतो त्यास तो तोडणाऱ्याचे नाव विचारण्याचा अधिकार नाही असे नव्हे, आजवर त्याची गरज वाटली नाही एवढेच. काही ठिकाणी ऊसतोडणी यंत्रे येऊ लागली आहेत, आणि यंत्र आले की प्रश्नच सुटला असे मानणारे आहेत. यंत्रामुळे ज्यांचे काम जाईल त्यांस पर्यायी रोजगार वा भरपाई द्यावयाची झाल्यास कोणास द्यावयाची, हेही ही वही असल्याखेरीज ठरविता येणार नाही.

स्त्रियांची नावे निराळ्या ओळीत असावीत असा आग्रह मी धरतो त्यास त्याच 'मस्से' भागाचा आधार आहे. मुक्कामांची यादी सांगून, देशाच्या सीमा व आश्रयनगरे सांगून, तो भाग आणि त्याबरोबर गणना हा संपूर्ण ग्रंथ ज्या प्रकरणाने संपतो ते सलाफहाद नावाच्या माणसाच्या मुलींचे आहे. बाप रानात वारला, मुलगा नव्हता. तेव्हा त्या पाच बहिणी मोशे, याजक व सर्व सरदार यांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, की आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का पुसले जावे, आम्हांस वतन द्या. मोशेने तो कज्जा परमेश्वरापुढे मांडला आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला. शेवटच्या प्रकरणात त्या वतनाच्या अटी ठरल्या, विवाह कोठे करावा याचे बंधनही त्यांत आले, आणि आजच्या वाचकास ते जाचकही वाटेल. पण महला, तिरसा, होग्ला, मिल्का, नोआ ही पाचही नावे तेथे पुन्हा लिहिली गेली. सहा लाखांच्या गणतीत पुरुषांचीच मोजदाद करणाऱ्या ग्रंथास अखेरीस पाच स्त्रियांची नावे घ्यावी लागली, ती त्यांनी स्वतः येऊन मागितली म्हणून.

ती यादी मोशेने लिहिली तेव्हा लोक अजून रानातच होते. मवाबाच्या मैदानात, यार्देनच्या अलीकडे. कृष्णेचे पाणी मराठवाड्यात येईल, कारखाने व उद्योग बीडमध्येच उभे राहतील, आणि मग कोणास बाहेर जावे लागणार नाही, अशी आश्वासने आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, ती खरी ठरावीत अशी माझीही इच्छा आहे. पण मुक्कामवहीस तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सध्या उचलींचे कागद होत आहेत. दसरा अजून लांब आहे, आणि गाड्या भरण्यापूर्वी तालुका कचेरीने मनावर घेतल्यास प्रत्येक वहीचे पहिले पान घरच्या गावीच भरून होईल: गावाचे नाव, निघण्याची तारीख, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव, ठरलेली उचल, आणि टोळीतील प्रत्येक पुरुषाचे, स्त्रीचे व लेकराचे पूर्ण नाव.